कागद तपासणीची मुदत: वाढवून घेण्याच्या भांडणाची पार्श्वभूमी

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत प्रश्नावली (समोरच्याला लेखी प्रश्न), कागदपत्रांचं प्रकटीकरण (आपल्याकडचे कागद जाहीर करणं) आणि तपासणी (समोरच्याचे मूळ कागद पाहणं) हे सगळं आदेश ११ या नियमांच्या गटात होतंच. पण तारखा बऱ्याच अंशी न्यायाधीशांच्या मर्जीवर असायच्या. दावाच बोर्डावर वर्षानुवर्षं पडून, मग तपासणीची घाई कोण करणार?

खरी लढाई झाली ती कैफियतीवर, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरावर. १ जुलै २००२ पासून प्रतिवादीला ३० दिवस आणि कारण नोंदवून जास्तीत जास्त ९० दिवस, असं ठरलं. कलम १४८ खाली न्यायालय मुदत वाढवून देतं, त्या वाढीवरही एकूण ३० दिवसांचं कुंपण पडलं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही कुंपणं सैल केली. ९० दिवस बंधनकारक नाहीत, अपवादात्मक स्थितीत नंतरही कैफियत घेता येईल. पक्षकाराच्या हाताबाहेरचं कारण असेल तर कलम १४८ ही आड येणार नाही. तत्त्व म्हणून चूक काढणं अवघड. पण तारखेवर तारीख मागणाऱ्यांनी त्यातला 'अपवादात्मक' हा शब्द सोयीस्कर गिळला, आणि कैफियत रखडली की तपासणीही आपोआप रखडू लागली.

२०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने ही सवलत व्यापारी दाव्यांपुरती बंद केली: १२० दिवस उलटले की कैफियतीचा हक्क गेला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१८ मध्ये व्यापारी दाव्याची किमान किंमत एक कोटीवरून तीन लाखांवर आल्याने मशीद बंदरच्या ठोक व्यापाऱ्याची वसुलीही या शिस्तीखाली येऊ शकते.

याच कायद्याने व्यापारी दाव्यांपुरता आदेश ११ नव्याने लिहिला. कागद दाव्यासोबतच द्यायचे. तपासणी कैफियतीपासून ३० दिवसांत. वाढ मिळालीच तर आणखी ३० दिवसांपलीकडे नाही. मग १५ दिवसांत कागद कबूल की नाकबूल, ते सांगायचं. फोर्टातल्या सॉलिसिटरच्या ऑफिसात मूळ फाइल टेबलावर येते, समोरच्यांचा ज्युनियर झेरॉक्सशी पान पान ताडून पाहतो, एक कारकून नजर ठेवून बसतो. दिवस जातो तो त्यात नव्हे, तर 'मूळ प्रत गोडाऊनला आहे' या उत्तरात.

मात्र १२१ व्या दिवशी कैफियतीचं काय होतं, हे कायदा स्पष्ट सांगतो. मुदतीत न झालेल्या तपासणीबाबत हक्क गेल्याची तशी भाषा नाही. कागद दडवणाऱ्यावर जबर खर्च बसवता येतो, एवढंच. म्हणून वाढीचे अर्ज अजून येतात आणि बरेचदा समोरचा वकीलही 'हरकत नाही' म्हणून मोकळा होतो.