सीमाभागातली एआरटी आणि घरापर्यंत येणारी चौकशी

बेळगाव-बागलकोट हा पट्टा एचआयव्हीच्या जास्त प्रादुर्भावासाठी पूर्वीपासून ओळखला जातो. देवदासी प्रथेवर १९८२ मध्ये बंदीचा कायदा झाला, तरी बायकांना चिकटलेला कलंक गेला नाही.

गोळ्या नियमित घेण्याचा प्रश्न उभा राहिला तो १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, मिळू लागल्यावर. पहिल्या सहा राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होती. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काहींनी ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम मिरज-कोल्हापूर गाठलं. मग एसटीचं भाडं आणि बुडणारी रोजंदारी आड यायची. दिवसाला दोन, म्हणजे महिन्याला ६० गोळ्या. निकष ९५ टक्के गोळ्या घेण्याचा, त्यामुळे तीनपेक्षा जास्त चुकल्या की ठपका बसायचा. त्यात तेव्हाच्या स्टॅव्हुडिन या औषधानं गाल बसायचे आणि चेहऱ्यावरूनच कुजबुज सुरू व्हायची.

वाद पेटला तो औषधाच्या तारखेला न आलेल्यांच्या घरी एआरटी सेंटरनं माणूस पाठवण्यावरून. औषध तुटलं की विषाणू त्याला दाद देईनासा होतो आणि जीव जातो, ही बाजू खोटी नव्हती. पण छोट्या गावात अनोळखी माणसानं नाव विचारत दारात उभं राहणं म्हणजे काय, हे सासरी काहीच न सांगितलेल्या सुनेला विचारावं. डबी हलली की खडखडते, म्हणून ती गोळ्या कागदात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवते. सासू स्वयंपाकघरातून हलेपर्यंत गोळीची वेळ टळून जाते. तिला विसराळू म्हणणं अन्यायाचं आहे. अशी माणसं मग पत्ताच चुकीचा द्यायची आणि खरी गरज पडे तेव्हा सापडायची नाहीत. घरी आलेलं चालेल का, नाहीतर कुठं भेटायचं, हे पहिल्याच समुपदेशनात विचारायला हवं होतं. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय माहिती उघड करायला मनाई केली. तोवर बरीच घरं दुखावली होती.

२०१७ पासून निदान होताच औषध सुरू होऊ लागलं. त्यामुळे काहीच त्रास नसलेल्या माणसाला रोज गोळी घ्यायला लावणं, हे नवं काम समुपदेशकांवर आलं. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. चाचणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. ही गोष्ट नवरा-बायको दोघांना समोर बसवून, त्यांच्या मराठीत सांगायला हवी.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये एकदम काही महिन्यांच्या गोळ्या आणि जवळच्या कुठल्याही सेंटरमधून औषध, अशी मुभा मिळाली होती. ऊसतोडीला सीमा ओलांडणाऱ्यांना ती दर हंगामात, विनासायास मिळाली पाहिजे.