‘किती मिलिमीटरचा ड्रायसूट घेऊ?’

जळगाव-धुळ्याकडची मुले नोकरीसाठी युरोपात जातात, तिकडच्या थंड पाण्यात डायव्हिंग करायचे ठरवतात आणि ड्रायसूटची, म्हणजे आत पाणी शिरू न देणाऱ्या डायव्हिंगच्या पोशाखाची, चौकशी करताना हमखास हाच प्रश्न विचारतात. भुसावळहून निघालेल्या माझ्या भाच्यानेही तोच विचारला. हा प्रश्न वेटसूटचा आहे, आणि तो ड्रायसूटला लावला की पुढची सगळी खरेदी चुकत जाते.

वेटसूट तुमच्या ओळखीचा आहे. तारकर्लीला किंवा अंदमानात 3 मिलिमीटरचा घातला असेल, आणि तिथल्या कोमट पाण्यात तेवढा पुरलाही असेल. त्यात पाणी शिरते आणि सूट घट्ट असला तर आतच राहते, पण ऊब त्या पाण्याची नसते. सूट ज्या निओप्रीन रबराचा असतो त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ऊब त्यांची असते. म्हणून वेटसूटची जाडी विचारणे योग्यच आहे.

ड्रायसूटचा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार ट्रायलॅमिनेटचा, म्हणजे दोन कापडांमध्ये ब्युटाइल रबराचा थर असलेला. तो हातात घेऊन पाहिला तर जाडसर रेनकोटासारखा लागतो आणि त्याची स्वतःची ऊब जवळपास नसते. त्याचे काम पाणी बाहेर ठेवण्याचे. ऊब येते ती आत घातलेल्या अंडरसूटमधून, आणि नेमके सांगायचे तर त्या अंडरसूटच्या धाग्यांत अडकलेल्या हवेतून. पाणी हवेच्या सुमारे 25 पट उष्णता वाहून नेते, त्यामुळे अंगाभोवतीची ही हवा टिकवणे हाच सगळा खटाटोप आहे.

कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. जुनी रजई बसली की तिची ऊब जाते. तिच्यातला कापूस तेवढाच असतो, निघून गेलेली असते ती मधली हवा, आणि पिंजाऱ्याने कापूस पिंजून दिला की तीच रजई पुन्हा उबदार होते. पाण्याखाली 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, 30 मीटरवर चौपट. वेटसूटचे बुडबुडे त्या दाबाने आकसतात, सूट पातळ पडतो आणि थंडी सर्वांत जास्त असते तिथेच त्याची ऊब सर्वांत कमी होते. ड्रायसूटमध्येही आतली हवा आकसते, पण छातीवरच्या व्हॉल्व्हमधून तुम्ही सिलिंडरमधली थोडी हवा आत सोडता आणि अंडरसूट पुन्हा फुलतो. वर येताना ती बहुधा डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर काढता. ऊब हवी तशी सांभाळता येणे हे वेटसूटला कधीही न जमणारे काम आहे.

त्यामुळे पैसे लावायचे ते आधी अंडरसूटवर. महागडा ड्रायसूट आणि आत घरचा सुती बनियन, हे मी पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी त्याची चीड आली आहे. कापूस आपले पीक असला तरी घाम शोषून ओला झालेला सुती कपडा अंगाला चिकटून गारवाच देतो. अंगालगत लोकर किंवा पॉलिस्टर असावे आणि त्यावर जाड अंडरसूट.

गोंधळात भर घालतो तो निओप्रीनचा ड्रायसूट, कारण तो दिसतो वेटसूटसारखा आणि त्याला स्वतःची थोडी ऊबही असते. मात्र साध्या निओप्रीनचे बुडबुडे खोलीवर तसेच आकसतात, तो जड असतो आणि वाळायला वेळ घेतो. आइसलँडमधल्या सिल्फ्रासारख्या 2 ते 4 अंश सेल्सियसच्या पाण्यात आणि उन्हाळ्यातल्या 14 अंशांच्या तळ्यात एकच सूट वापरायचा असेल, तर माझा कौल निःसंशय ट्रायलॅमिनेटला आहे: कवच तेच ठेवून आतला पोशाख बदलता येतो.

झिप पितळी की प्लास्टिकची, पाठीवर की छातीवर, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. छातीवरची तिरपी झिप स्वतःला लावता येते, एवढे पुरे. गळ्या-मनगटाचे लेटेक्सचे सील मात्र जपावे लागतात. उष्णतेने लेटेक्स चिकट होऊन फाटते, म्हणून सुट्टीला सूट घेऊन आलात तर वैशाखात तो पत्र्याच्या खोलीत टांगू नका, घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा.

मापाला जाताना तुमचा सर्वांत जाड अंडरसूट सोबत न्या आणि ड्रायसूट त्यावरूनच चढवून पाहा. मग उकिडवे बसा, दोन्ही हात डोक्यावर ताणा आणि मानेमागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचतो का ते तपासा. काखेत किंवा मांड्यांमध्ये सूट ओढला गेला तर आतला थर तिथेच दाबला जाईल आणि थंडी तिथूनच लागेल. असा सूट कितीही स्वस्त मिळाला तरी परत करा.