कौटुंबिक हिंसा सहायता कार्य (मराठवाडा)

घरातली मारहाण, छळ, संशय, उपासमार किंवा बेदखली सोसणाऱ्या स्त्रीच्या बाजूने उभे राहून तिला दवाखाना, पोलीस ठाणे, न्यायालय आणि निवारा यांपर्यंत सोबत करण्याचे काम. हे काम करणारीला सरकारी कागदांत समुपदेशक किंवा केस वर्कर म्हणतात, संस्थांमध्ये कार्यकर्ती आणि खेड्यात नुसते ‘ताई’ किंवा ‘मॅडम’. ‘अ‍ॅडव्होकेट’ हा शब्द मराठीत वकिलालाच चिकटल्यामुळे या भूमिकेला एकच सर्वमान्य नाव मिळालेले नाही, आणि त्यातून व्यवहारात घोळ होतात. कार्यकर्ती न्यायालयात युक्तिवाद करत नाही. ती संरक्षण अधिकारीही नव्हे. ते कायद्याने नेमलेले पद आहे. ती मध्यस्थ तर मुळीच नव्हे, हे मात्र गावाला पटवून देणे सर्वांत अवघड जाते.

उगम : या कामाचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आत बसणारी, पण पोलीस नसलेली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती ही कल्पना तेथून रूढ झाली आणि २००० नंतर राज्य शासनाच्या सहभागाने मुंबईबाहेर पसरली. व्यवसायाचा इतिहास लिहिणारे बहुधा येथूनच सुरुवात करतात. दुसरे मत स्त्री-संघटनांना श्रेय देते. मथुरा खटल्याच्या (पोलीस ठाण्यातील बलात्काराच्या) १९७८ च्या निकालानंतर उठलेली चळवळ आणि १९८३ मध्ये दंडसंहितेत आलेले कलम ४९८-अ (नवरा किंवा सासरच्यांकडून होणारी क्रूरता) यांच्या आसपास अनेक गावांत तक्रार ऐकणाऱ्या स्त्रिया पुढे आल्या. मराठवाड्यात अंबाजोगाईची मानवलोक ही संस्था आणि डॉ. शैला लोहिया यांच्याशी जोडलेला मनस्विनी महिला प्रकल्प ही याची ठळक उदाहरणे होत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) पट्ट्यात महिला मंडळे आणि बचतगट वाढले. तक्रार घेऊन येणाऱ्या बाईबरोबर गावातून येणारी दुसरी बाई बऱ्याच अंशी या जाळ्यातली असते. तिसरे मत सारे श्रेय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याला देते, पण कायद्याने पदे निर्माण केली, पद्धत नव्हे. पद्धतीचा विचार केला तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, पगारी पेशा म्हणून पाहिले तर पहिले.

गावबैठक ही या कामाची पूर्वपीठिका मानणारेही आहेत. बैठकीचा हेतू मात्र बाई ‘नांदती’ करणे हा असतो. तिला काय हवे हे तेथे सहसा विचारले जात नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समित्यांपुढेही घरगुती तक्रारी आल्या, आणि ‘मिटलेला तंटा’ म्हणून नोंदला गेलेला प्रश्न काही महिन्यांनी त्याच बाईच्या अंगावरच्या वळांसह परत आल्याचे कार्यकर्तींच्या परिचयाचे आहे. ही वंशावळ मान्य करणे म्हणून कठीण.

मराठवाड्याशी जोडलेला एक खटला येथे नोंदवला पाहिजे. शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) या प्रकरणातील मृत विवाहितेचे माहेर बीडचे. मृत्यू जून १९८२ मध्ये पुण्यात झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची निर्दोष मुक्तता केली, आणि हा निकाल मुख्यतः परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांसाठी उद्धृत होतो. सहायता कार्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळा आहे. तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे मृत्युपूर्व कथनासारखी ग्राह्य धरता येतात का, याची चर्चा न्या. फजल अली यांनी विस्ताराने केली. माहेरी पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नका, फोन बदलला तरी जुना विकू नका, असे कार्यकर्ती बजावते त्यामागचा विचार हाच.

कायद्याची चौकट : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो : संरक्षण आदेश (कलम १८), निवास (१९), आर्थिक दिलासा (२०), मुलांचा ताबा (२१), नुकसानभरपाई (२२) आणि तातडीचा अंतरिम आदेश (२३). क्रूरतेचा फौजदारी गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येतो. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात. मोफत वकिलासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही (विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, कलम १२), हे तालुक्याच्या ठिकाणी अजूनही सांगावे लागते.

पहिली भेट : पहिला प्रश्न ‘काय झाले’ हा नसून ‘आज रात्री कुठे झोपणार’ हा असतो. पाठोपाठ धोक्याचा अंदाज घेतला जातो. गळा दाबला होता का, हे वेगळे विचारावे लागते, कारण बाई ते मारहाणीत धरत नाही. गळ्यावर खूण नसली तरी आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत रक्त उतरणे ही लक्षणे असू शकतात. अशा वेळी आधी सरकारी दवाखान्यात नेऊन एमएलसी (पोलीस-न्यायालयासाठीची वैद्यकीय नोंद) करून घेतात, तक्रार मागाहून. घरात फवारणीचे औषध कुठे ठेवले आहे, हा शेतकरी कुटुंबासाठीचा ठरलेला प्रश्न. तिने स्वतःच्या जिवाचे काही करण्याचे बोलून दाखवले असेल तर तिला एकटीला परत पाठवत नाहीत. परतीचा फोन कधी करायचा, उचलणारा दुसरा असेल तर काय बोलायचे, हेही तेव्हाच ठरते. सिम नवऱ्याच्या नावावर असते, आधारला जोडलेला क्रमांकही त्याचाच. खात्यावर येणाऱ्या पैशाचा ओटीपी मग त्याच्याकडे जातो. आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शिधापत्रिकेची प्रत, लग्नपत्रिका आणि लग्नातले फोटो एका पिशवीत शेजारच्या विश्वासू घरी ठेवायला सांगतात. निवाऱ्यासाठी सखी वन स्टॉप सेंटर (योजना २०१५ ची) आणि १८१ ही हेल्पलाइन आहे, पण केंद्र जिल्ह्याच्या गावी आणि शेवटची एसटी संध्याकाळी, हे गणित आधी मांडावे लागते.

घटना अहवाल : नमुना १ मधील कौटुंबिक घटना अहवाल, बोलीत ‘डीआयआर’, हा सर्वांत जास्त बिघडणारा कागद. तो संरक्षण अधिकारी किंवा नोंदणीकृत सेवा पुरवठादार भरतो. संस्थेची तशी नोंदणी नसेल तर कार्यकर्ती कच्चा मसुदा करून अधिकाऱ्याकडे देते. अहवाल नसला तरी अर्ज चालतो, हे प्रभा त्यागी विरुद्ध कमलेश देवी (२०२२) या निकालाने स्पष्ट झाले. चांगला भरलेला अहवाल तरीही अंतरिम आदेशाला बळ देतो.

चूक बहुधा एकच : ‘नेहमी मारतो’ असे लिहिले जाते. नमुन्यात तारीख, वेळ, जागा आणि कोणी केले यांचे रकाने आहेत. बाईला तारीख आठवत नाही, सण आठवतो. ‘पंचमीला माहेरी येऊ दिले नाही’, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’, ‘सोयाबीन काढायच्या वेळी’ अशा खुणांवरून दिनदर्शिका समोर ठेवून तारीख काढतात आणि ‘सुमारे’ असे लिहितात. खोटी नेमकी तारीख उलटतपासणीत सर्वांत आधी पडते. पहिली, सर्वांत वाईट आणि शेवटची अशा तीन घटना तपशिलाने लिहिणे पुरेसे. बाकीच्या एका परिच्छेदात.

स्त्रीधनासाठी लग्न ठरताना केलेली ‘यादी’ कामाला येते. तिच्यात हुंड्याची रक्कमही असते, म्हणून आईवडील ती दाखवायला घाबरतात. हुंडा प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ७(३) नुसार गुन्ह्याची झळ पोचलेल्या व्यक्तीच्या निवेदनावरून तिच्यावरच खटला होत नाही. तरीही यादी जोडण्यापूर्वी वकिलाला दाखवतात.

मागण्यांतही एक खाच आहे. आदेश मोडल्यास अटक होऊ शकणारा गुन्हा (२००५ च्या कायद्याचे कलम ३१) हा शब्दशः ‘संरक्षण आदेशा’पुरता आहे. अर्जात फक्त पोटगी आणि घर मागितले, कलम १८ राहून गेले, तर पुढे ठाण्यात हात हलवत परतावे लागते. दुसरे म्हणजे, घराबाहेर काढण्याचा आदेश स्त्रीविरुद्ध देता येत नाही. सासूला घराबाहेर काढण्याची मागणी केवळ कागद वाढवते. घर सासऱ्याच्या नावावर असल्याचा बचाव मात्र सतीशचंदर आहुजा निकालानंतर (२०२०) पूर्वीसारखा टिकत नाही.

समेट : संयुक्त बैठक बाईने मागितली तरच, आणि तिच्याशी एकटीने बोलून झाल्यावरच घेतात. न्यायालयाने पाठवलेल्या समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्याची मुभा प्रतिवादीला नाही, आणि वादाशी संबंध असलेली व्यक्ती समुपदेशक होऊ शकत नाही (२००६ चे नियम). ‘परत मारणार नाही’ हे मोघम वाक्य निरुपयोगी. दारू पिऊन घरात यायचे नाही, तिची मजुरी तिच्याच खात्यात, महिन्यातून एकदा माहेरी, असे मोजता येणारे लिहितात. स्टॅम्प पेपरवर केलेली ‘फारकत’ (सोडचिठ्ठी) हा आणखी एक सापळा. प्रथा सिद्ध झाल्याशिवाय अशा फारकतीने हिंदू विवाह संपत नाही. बाईने पोटगीचा हक्क सोडल्याची ओळ मात्र त्यात हमखास असते.

ऊसतोड : बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोडपी कारखान्यांवर जातात. जोडपे म्हणजे एक ‘कोयता’, उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात. बाई फड सोडून आली तर कोयता मोडतो, आणि मुकादम फिटली नसलेली उचल माहेराकडे मागू लागतो. ती तिची कायदेशीर जबाबदारी नाही, हे लेखी सांगितलेले बरे. २००५ च्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे स्त्री तात्पुरती राहते तेथेही अर्ज करता येतो आणि आदेश देशभर लागू असतो. प्रत्यक्षात हंगाम मार्च-एप्रिलपर्यंतच, म्हणून बहुतेक अर्ज माहेरच्या तालुक्यात होतात. मग नोटीस अडकते : कायदा दोन दिवसांत बजावणी सांगतो, बेलिफ कुलूप पाहून परततो. अशा वेळी कारखान्याचे नाव, गट कार्यालय, मुकादमाचे नाव आणि शक्य तर ट्रॅक्टरचा क्रमांक पत्त्यात घालतात.

उत्पन्न दाखवताना सातबारा व ८-अ जोडतात. रजनीश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालाने मालमत्तेच्या शपथपत्राचा शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना दिला आहे. तो न वापरता नोकरदाराचा भरला की निम्मे रकाने ‘निरंक’ राहतात.

मुस्लिम स्त्रिया व बालविवाह : २००५ चा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. लातूरच्या दगडू पठाण प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने औरंगाबाद येथे २००२ मध्ये असे ठरवले की, नवऱ्याने न्यायालयातल्या लेखी जबाबात ‘तलाक दिला होता’ एवढे लिहून तलाक सिद्ध होत नाही.

बाई १८ वर्षांखालची असेल तर गुप्ततेचे वचन देता येत नाही. पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणे बंधनकारक आहे. हे तिला बोलू देण्याआधी सांगावे, नंतर नव्हे. बालविवाह रद्द करून घेण्यासाठी तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षे मिळतात.

आदेशानंतर : मंजूर पोटगी पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर थांबणे नेहमीचे. २००५ च्या कायद्याच्या कलम २०(६) खाली नवऱ्याच्या मालकाला किंवा देणेकऱ्याला थेट रक्कम भरण्याचा आदेश मागता येतो. पगारदाराच्या बाबतीत तो चालतो. ऊसतोड मजुराची उचल हंगामाआधीच खर्च झालेली असते, म्हणून तेथे वसुलीचा अर्ज पुढची उचल वाटली जाण्यापूर्वी, पावसाळ्यातच टाकतात.