बिल खरं, रुग्ण खरा, उपचाराचं काय?

मदतीचं आवाहन व्हॉट्सअ‍ॅपवर येतं तेव्हा सोबत मुलाचा फोटो असतो, रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं खर्चाचं एस्टिमेट असतं, आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील असंही बरेचदा लिहिलेलं असतं. देणाऱ्याचं समाधान होतं. पण एवढ्या कागदांतून रुग्ण खरा आहे आणि बिल खरं आहे, इतकंच कळतं. ज्याचं ते बिल आहे तो उपचार लागू पडतो का, हे सहसा कुणीच पाहिलेलं नसतं.

सर्वांत जास्त गल्लत स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) बाबतीत होते, कारण त्यातला एक उपचार अगदी पक्का सिद्ध झालेला आहे. थॅलसेमिया किंवा रक्ताच्या कर्करोगात बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात. त्यात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी देतात आणि त्या रक्तच तयार करतात. त्यासाठी पैसे मागणारं आवाहन रास्त आहे. मात्र तोच 'स्टेम सेल' शब्द ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा यांच्या आवाहनांतही दिसतो, आणि तिथे गोष्ट पूर्ण वेगळी असते.

अशा ठिकाणी सहसा कंबरेच्या हाडातून शंभर मिलिलिटरच्या आसपास मज्जा काढतात, किंवा पोटावरची चरबी. ती यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करतात आणि शिरेतून किंवा पाठीच्या कण्यात टोचतात. शिरेतून दिलेल्या या पेशींपैकी बऱ्याचशा फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. मज्जेतली पेशी मेंदूजवळ पोचली म्हणून ती मेंदूची पेशी होत नाही.

मग पालकांना फरक दिसतो तो कशामुळे? मूल तसंही वाढत असतं. या 'पॅकेज'मध्ये बरेचदा रोजची फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीही असते, तिचा गुण येतो. शिवाय लाखो रुपये आणि शेकडो लोकांच्या शुभेच्छा पाठीशी असताना 'काही फरक नाही' असं लिहिणं कुठल्या आईला जमेल? म्हणूनच तुलनेसाठी उपचार न मिळालेला गट लागतो.

आणि या पेशी निरुपद्रवी असतात असंही नाही. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये ७२ ते ८८ वयाच्या तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या. प्रत्येकीने ५,००० डॉलर भरले होते. काही दिवसांतच डोळ्यांत रक्तस्राव झाला, पडदे सुटले, आणि तिघींची दृष्टी जवळजवळ गेली. हा वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्या क्लिनिकचा अशाच उपचाराचा अभ्यास अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत झळकत होता. नोंदवहीत नाव असणं म्हणजे मान्यता नव्हे, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं.

अमेरिकेतल्या अशा क्लिनिकांतल्या उपचारासाठी पैसे मागणारी ४०८ आवाहनं संशोधकांनी तपासली, आणि निष्कर्ष २०१८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मागितले होते ७४ लाख डॉलर. १३,०५० दात्यांनी सुमारे साडेचौदा लाख दिले. १७८ आवाहनांत गुण येणारच असा सूर होता. धोक्याचा उल्लेख फक्त ३६ जणांनी केला, तोही धोका कमी आहे किंवा नाहीच असं सांगण्यासाठी. ही आवाहनं १,११,०४४ वेळा शेअर झाली. आम्हाला पैशांच्या आकड्यापेक्षा हा आकडा जास्त अस्वस्थ करतो. जाहिरातीवर शंका घेणारा माणूस ओळखीच्या घरातून आलेल्या मजकुरावर घेत नाही.

भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण ठरावीक आजारांत, मुख्यतः रक्ताच्या, मान्य उपचार म्हणून करता येतं. बाकी वापर फक्त रीतसर चाचणीत. ऑटिझमसाठी स्टेम सेल देऊ नयेत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

त्यामुळे आवाहनात 'स्टेम सेल' दिसलं की आधी आजाराचं नाव वाचा. 'चाचणी आहे' असं उत्तर आलं तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, क्रमांक विचारा. ही नोंदवही ऑनलाइन कुणालाही पाहता येते. पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, मग हे एस्टिमेट कशाचं? दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत आहे का, तेही विचारा.

किंमत मात्र निकष धरू नका. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजारावरचं झोलजेन्स्मा हे औषध सुमारे १६ कोटी रुपयांचं, पण अमेरिकेत २०१९ साली चाचण्यांच्या आधारे मंजूर झालेलं. दुर्मीळ आजारांच्या रुग्णांसाठी केंद्र सरकारचं वेगळं देणगी पोर्टल आहे. तिथली नोंद मुंबईच्या केईएमसारख्या ठरवून दिलेल्या रुग्णालयांमार्फत होते, म्हणजे निदान आणि उपचार तिथल्या डॉक्टरांच्या नजरेखालून गेलेले असतात.