ओहिताशी

ओहिताशी : उकळत्या पाण्यातून काढलेली पालेभाजी गार करून, पिळून, दाशी व शोयूच्या पातळ मिश्रणात मुरवून केला जाणारा जपानी उपपदार्थ. दाशी म्हणजे कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी ही धुरावून सुकवलेली बोनिटो मासळी यांचा निवळ अर्क, तर शोयू म्हणजे सोयाबीन व गहू आंबवून केलेला खारट रस. ओहिताशी बहुधा पालकाची करतात. पालकाला जपानीत होरेन्सो म्हणतात. भात, एक सूप आणि तीन उपपदार्थ या इचिजू-सान्साई नावाच्या पारंपरिक मांडणीत ओहिताशी कोबाची या लहान खोलगट वाडग्यात येते. मराठी ताटाच्या डाव्या बाजूला कोशिंबिरीचे जे स्थान, साधारण तेच तिचे तेथे आहे. तिच्यात तेल नसते, फोडणी नसते, मसालाही नसतो.

घटक इतके थोडे असल्यामुळे पदार्थाची सगळी भिस्त पाण्यावर असते. भाजीतले पाणी किती काढले आणि त्याच्या जागी दाशी किती शिरली, यावर ओहिताशी साधते किंवा बिघडते. नीट न पिळलेल्या भाजीतून पाणी सुटते, दाशी पांचट होते आणि मग कितीही शोयू ओतले तरी चव जुळत नाही.

पालक जपानला चीनमार्गे गेला. ही जुनी पौर्वात्य जात खाचदार पानांची, लालसर मुळाची आणि चवीला सौम्य होती. मेजी काळात (1868–1912) गोल पानांच्या पाश्चात्त्य जाती आल्या. त्या लवकर फुलावर येत नाहीत, पण अधिक तुरट असतात. आज बाजारात मिळणारा पालक बहुतांशी या दोन्हींच्या संकराचा आहे. पालकाचा खरा हंगाम हिवाळ्याचा. जपानच्या अधिकृत अन्नघटक कोष्टकात 100 ग्रॅम कच्च्या पालकातील क जीवनसत्त्व उन्हाळी पिकासाठी 20 मिलिग्रॅम, तर हिवाळी पिकासाठी 60 मिलिग्रॅम दिलेले आहे. थंडीत मुद्दाम गारठू दिलेल्या पालकाच्या पानांत साखर वाढते. त्याची ओहिताशी करताना मिरिन (तांदळापासून केलेली गोडसर पाकमदिरा) थोडी कमी घातली तरी चालते.

जपानी पालक मुळाच्या गड्ड्यासह विकला जातो. गड्डा कापून टाकत नाहीत. तो गोड असतो आणि त्याच्यामुळे देठ एकत्र राहतात. गड्ड्याला अधिक चिन्हासारखी चीर देऊन जुडी पाण्यात हलवली, की देठांच्या बेचक्यात अडकलेली माती सुटते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळत असताना जुडी पानांकडून धरून आधी देठ सुमारे अर्धा मिनिट पाण्यात ठेवतात, मग पाने बुडवतात आणि आणखी अर्ध्या मिनिटाच्या आत भाजी बाहेर काढतात. पातेल्यावर झाकण ठेवत नाहीत. शिजताना भाजीतून बाहेर पडणारी आम्ले वाफेबरोबर निघून जावी लागतात. ती कोंडली, तर हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाऊन हिरवा रंग मळकट होतो. पाणी कमी असले तर थंड भाजी पडताच त्याची उकळी मोडते आणि पाने उगाच जास्त वेळ पाण्यात राहतात, म्हणून पाण्यात काटकसर करू नये.

बाहेर काढलेली भाजी लगेच गार पाण्यात टाकतात. त्याने शिजणे थांबते आणि ऑक्झॅलिक आम्लाचा बराचसा भाग धुऊन जातो. दातांवर राहणारा पालकाचा खरखरीतपणा याच आम्लामुळे असतो. हे पाणी एकदा-दोनदा बदलणे पुरेसे असते, कारण भाजी त्यात पडून राहिली तर जीवनसत्त्वे आणि चव दोन्ही पाण्याबरोबर जातात. नंतर सगळे गड्डे एका बाजूला घेऊन जुडी सारखी करतात आणि गड्ड्यांकडून पानांच्या टोकांकडे मूठ सरकवत पिळतात. कपडा पिळतात तसा पीळ देत नाहीत, त्याने पाने फाटतात. जुडीवर चमचाभर शोयू शिंपडून ती पुन्हा हलकेच पिळणे, ही शोयू-आराई नावाची पायरी घरी बऱ्याचदा गाळली जाते. मिठामुळे आत उरलेले पाणी बाहेर येते आणि त्याच्याबरोबर भाजीचा उग्रपणाही कमी होतो. एका मिनिटाचे हे काम टाळण्यासारखे नाही.

दाशीसाठी एक लिटर पाण्यात सुमारे 10 ग्रॅम कोम्बू निदान अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवतात आणि उकळी फुटायच्या आत तो काढून घेतात. उकळला तर अर्क बुळबुळीत होतो आणि त्याला वास येतो. मग आच बंद करून 20 ते 30 ग्रॅम कात्सुओबुशीचे पापुद्रे टाकतात आणि ते तळाशी बसले की न दाबता गाळतात. या दोन जिन्नसांची जोडी स्वयंपाकघरात आधी जमली, तिचे कारण नंतर कळले. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोम्बूतून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्याच्यामुळे येणाऱ्या भरीव, रुचकर चवीला उमामी हे नाव दिले. 1913 मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट हे उमामी देणारे दुसरे द्रव्य सापडले. ही दोन द्रव्ये एकत्र आली की उमामीची चव दोहोंच्या नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी ठळक लागते. ओहिताशीत मीठ बेताचे असूनही ती बेचव लागत नाही, ते यामुळेच.

मुरवण्याच्या मिश्रणाचे रूढ प्रमाण दाशी आठ भाग, शोयू एक भाग आणि मिरिन एक भाग असे आहे. 200 ग्रॅमच्या जुडीला 200 मिलिलिटर दाशी आणि शोयू व मिरिन प्रत्येकी 25 मिलिलिटर पुरते. मद्यार्क उडून जावा म्हणून मिश्रणाला एक उकळी आणून ते पूर्ण गार करतात. रंग स्वच्छ राहावा यासाठी उसुकुची हे ह्योगो प्रांतातील तात्सुनो येथे प्रसिद्धीस आलेले शोयू वापरतात. ते रंगाने फिके, पण नेहमीच्या शोयूपेक्षा काकणभर जास्त खारट असते. चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे करून भाजी या मिश्रणात निदान अर्धा तास ठेवतात. व्यावसायिक स्वयंपाकी ती दोनदा मुरवतात : पहिल्या मिश्रणात भाजीतले पाणी उतरते म्हणून ते टाकून देतात आणि वाढण्यासाठी दुसरे, ताजे मिश्रण घेतात. याउलट अनेक घरांत पिळलेल्या पालकावर नुसते शोयू आणि कात्सुओबुशी घालून त्यालाच ओहिताशी म्हणतात. चव म्हणून ते वाईट नसते. मात्र त्यात भाजी मुरतच नाही.

पालकाऐवजी कोमात्सुना (मोहरीवर्गीय पालेभाजी), शुंगिकु (शेवंतीच्या जातीची खाद्य पाने) किंवा वसंतात मोहरीवर्गीय कळ्यांची नानोहाना ही भाजी घेतात. कोमात्सुनात ऑक्झॅलिक आम्ल फारच थोडे असल्यामुळे ती पाण्यात भिजवावी लागत नाही. भाजलेले तीळ सुरिबाची या खाचदार खलात वाटून, शोयू व साखरेसह त्याच पिळलेल्या पालकाला लावले की गोमाए हा वेगळा पदार्थ होतो.

महाराष्ट्रात पालक म्हणून मिळणारी भाजी पुष्कळदा बीटचीच एक पानेरी जात असते. तिची ओहिताशी होते. पण कापून आणलेल्या पानांना गड्डा नसल्यामुळे देठ एका बाजूला लावून दोऱ्याने सैल बांधावे लागतात. शाकाहारी लोकांनी एक ध्यानात ठेवावे, की दाशीच्या तयार पुड्यांत बहुधा मासळी असते. जपानी बौद्ध मठांतील शोजिन र्‍योरी या शाकाहारी परंपरेत कोम्बू आणि सुकवलेल्या शिताके अळंबीची दाशी वापरतात. शिताकेत ग्वानिलेट हे उमामी देणारे द्रव्य असल्यामुळे कोम्बूशी तिचीही तशीच जोडी जमते, मात्र तिचा वास बराच वरचढ असतो, म्हणून लिटरला दोन-तीन अळंब्यांच्या वर जाऊ नये. मुरवलेली भाजी शीतकपाटात दोन दिवस टिकते. वरून भुरभुरायचे तीळ किंवा कात्सुओबुशी तेवढे वाढतानाच घालावे.