जास्त ल्युमेन म्हणजे जास्त दिसतं, हे खरं नाही

सायकलवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच सल्ला फिरतोय: रात्री कच्च्या वाटेवर जायचं तर सर्वांत जास्त ल्युमेनचा लाइट घ्या, हेल्मेटवर लावा, झालं. पण ल्युमेन म्हणजे लाइटमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो, हे त्यातून कळत नाही. हेल्मेटवरचा झोत नजरेच्याच रेषेत जातो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि मुंबईच्या आरे कॉलनीतली खाचखळग्यांची वाट सपाट भासते. हँडलवरचा लाइट खालून, तिरपा पडतो. प्रत्येक दगडामागे सावली लांबते, खड्ड्याची खोली कळते. एकच घेणार असाल तर हँडलवरचाच घ्या. हेल्मेटचा जोडीला, वळणांसाठी. पावसाळी धुक्यात मात्र तो बंदच ठेवा, डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा राहतो. आणि समोरून कुणी पायी येत असेल तर प्रकाश कमी करा, प्लीज.