मोबाइल नंबर म्हणजे तुम्ही नव्हे

व्हॉट्सअ‍ॅप असो, इन्स्टाग्राम असो, खातं उघडताना नंबर मागतात. ओटीपी भरला की पडताळणी झाली. पण सिद्ध काय झालं? एवढंच, की त्या क्षणी त्या नंबरावर येणारा मेसेज किंवा कॉल तुमच्या हाती पडला. तुम्ही कोण, हे अजून कुणी तपासलेलंच नाही. खाती पळवणारे शिरतात ते याच फटीतून.

कुरियरवाल्याच्या नावाने येणारा फोन बघा. ‘पार्सल अडकलंय, स्टार ४०१ स्टार दाबा आणि पुढे हा दहा आकडी नंबर लावा.’ हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड. तो दाबला की तुमचे कॉल त्या भामट्याकडे जाऊ लागतात. मग तो त्याच्या फोनवर तुमच्या नंबराने व्हॉट्सअ‍ॅप सुरू करतो आणि एसएमएसऐवजी कॉलवर कोड मागवतो. ओटीपी थेट त्याच्या कानात वाचला जातो. तुमच्याकडे ओटीपी कुणी मागितलाच नाही, म्हणून शंकाही येत नाही. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून असे कोड दाबून होणारं फॉरवर्डिंग थांबवायला कंपन्यांना सांगितलं. तरीही कॉलच्या सेटिंग्जमधलं ‘कॉल फॉरवर्डिंग’ आजच उघडून बघा. तिथे अनोळखी नंबर दिसला तर लगेच बंद करा.

दुसरी वाट सिम बदलण्याची. मोबाइल कंपनीला फसवून तुमच्या नंबराचं नवं सिम काढलं की जुनं मरतं. ऑगस्ट २०१९मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचा नंबर असाच दुसऱ्याच्या ताब्यात गेला आणि त्यांच्या खात्यावरून भलतेसलते ट्वीट पडले, कारण तेव्हा नोंदवलेल्या नंबरावरून एसएमएस पाठवूनही ट्वीट करता येई. पासवर्ड लागलाच नाही. घरात सगळ्यांच्या फोनला रेंज आहे आणि फक्त तुमचीच गेली, परत येत नाही, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला कळवा.

तिसरी वाट तर चोराविनाच घडते. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. शिकायला, नोकरीला परदेशी गेलेल्यांचा इथला नंबर रिचार्जअभावी सुटतो, आणि त्यालाच इन्स्टाग्राम, ईमेल बांधलेलं असतं. नवा मालक ‘पासवर्ड विसरलो’ दाबतो आणि कोड त्याच्याकडे जातो. नंबर सोडण्याआधी प्रत्येक खात्यातून तो काढा.

आणि गोपनीयतेचं काय? सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर ट्विटरने जाहिरातींसाठी वापरले. २०२२मध्ये अमेरिकेत त्यांना १५ कोटी डॉलर दंड झाला. २०२१मध्ये फेसबुकच्या सुमारे ५३ कोटी लोकांचे नंबर इंटरनेटवर उघड्यावर पडले. पासवर्ड बदलता येतो, पण वीस वर्षांचा नंबर कोण बदलणार?

म्हणून जिथे पर्याय आहे तिथे एसएमएस सोडा आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्या. क्यूआर कोड स्कॅन करताच एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून दर ३० सेकंदांना नवे सहा आकडे निघतात. सर्व्हरही तेच गणित करतो. वाटेत सिम नाही, कंपनी नाही. कोड सारखा चुकीचा ठरत असेल तर बहुधा फोनचं घड्याळ मागेपुढे असतं, ‘ऑटोमॅटिक’ वेळ लावा. खोट्या वेबसाइटवर हा कोड तुम्ही स्वतःच भरलात, तर मात्र तो वाचवत नाही. तिथे पासकी सरस, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने उघडणारी डिजिटल किल्ली. ती खऱ्या साइटच्या पत्त्याशीच बांधलेली असते, नकली पत्त्यावर चालतच नाही. फोन हरवला तर अडायला नको म्हणून बॅकअप कोड कागदावर उतरवून घरी ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपला सेटिंग्ज, अकाउंट, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ इथे सहा आकडी पिन लावा. सोबत ईमेलही द्या, नाहीतर पिन विसरल्यावर सात दिवस ताटकळावं लागतं.

तरीही खातं गेलंच, तर आधी कॉल फॉरवर्डिंग बंद करा आणि मग आपल्या नंबराने पुन्हा नोंदणी करा. एसएमएसने आलेला कोड भरताच चोर बाहेर फेकला जातो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत शिरायला सात दिवस लागतील, पण तोवर तोही आत नसतो. तेवढ्यात नातेवाइकांना फोन करून सांगा, कारण तुमच्या नावाने पैसे मागून झालेले असू शकतात. कुणी पाठवले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तासाभरात कळवा.